संयुक्त विजेते

मैसूर आंतरराष्ट्रीय कुमार बर्फ हॉकी स्पर्धा दरवर्षी फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी चामराजपुरममधल्या एका मंगल कार्यालयात भरते. मी तिचा संयुक्त कार्यवाह. इतिवृत्त लिहिण्याचं काम माझ्याकडे आहे, आणि प्रत्येक इतिवृत्ताचं शेवटचं वाक्य 'स्पर्धा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली' असं असतं. ते वाक्य मी आदल्या दिवशीच लिहून ठेवतो.

स्पर्धेचं मूळ प्रवेशाच्या नियमपुस्तिकेत आहे. इंजिनिअरिंगच्या काही जागा आंतरराष्ट्रीय खेळाडूंसाठी राखीव असतात आणि पुस्तिकेच्या शेवटी मान्यताप्राप्त खेळांची यादी असते. आमचे अध्यक्ष नरसिंहमूर्ती मोठ्या हुद्द्यावरून रिटायर झालेले. त्यांनी ती यादी चष्मा पुसून दोनदा वाचली. क्रिकेट, बॅडमिंटन, बुद्धिबळ या खेळांत एक मोठी अडचण होती, ती म्हणजे ते इतरांची मुलंही खेळतात. बर्फ हॉकीला ती अडचण नव्हती.

"ह्यात आपल्या पोरांस काँपिटिशनच नाही, अल्ला? हो की नाही?" मूर्तीसर म्हणाले. खोलीत आम्ही अकरा बाप होतो. एकाच्याही मनात शंका आली नाही.

आंतरराष्ट्रीय म्हणजे निदान दोन राष्ट्रं हवीत. दुसरं राष्ट्र शहरातल्याच गोकुळम भागात सापडलं. युहानी नावाचा फिनलंडचा एक तरुण तिथं योगासनं शिकायला येऊन राहिला होता. लहानपणी तो गावच्या गोठलेल्या तळ्यावर हाच खेळ खेळलेला. आम्ही त्याला मैसूर पेटा, म्हणजे इथला फेटा, बांधला, चंदनाचा हार घातला आणि फिनलंड म्हणून नोंदवून घेतलं. आमची मुलं 'मैसूर' झाली. फिनलंडच्या संघात मुलं कमी पडली, ती शिंप्यांच्या गल्लीतून आणि वरुणा गावाहून बसने येणाऱ्या पोरांमधून भरून काढली. गणवेश शिवायला त्याच गल्लीतल्या निवृत्तीराव शिंप्यांकडे दिले होते, म्हणून त्यांची दहा वर्षांची नात वनजा फिनलंडची गोलकीपर झाली.

इथं एक चूक घडली. हा खेळ आहे असं वनजाला कुणीतरी सांगितलं. बहुधा युहानीनेच. तो रोज सकाळी सात-आठ पोरांना चाकांच्या बुटांवर रेल्वे फाटकाजवळच्या गुळगुळीत रस्त्यावर घुमवायचा. वनजा काठी धरून पाय रोवून उभी राही आणि येणारी चकती अडवी. निवृत्तीरावांनी तिच्यासाठी जुन्या गादीचा कापूस भरून पायाला बांधायच्या जाड पट्ट्या शिवल्या. निळा सदरा शिवला, तो मात्र तिच्या मापापेक्षा चांगलाच ढगळ झाला होता.

"वाढत्या अंगाचं शिवलंय, सर," ते मला म्हणाले. "आत तीन बोटं कापड मुडपून ठिवलंय. दर वर्षी एक बोट सोडायचं. चौदाच्या आतलीच पोरं घेतायसा, म्हणजे तेवढं पुरतंय."

पहिल्या वर्षी आम्ही खरोखर बर्फ आणला होता, हे नोंदवून ठेवतो. कडकोळच्या एका कारखान्यातून पहाटे साठ लाद्या आल्या. मंगल कार्यालयाच्या फरशीवर भुसा पसरून त्यावर त्या एकमेकींना चिकटवून मांडल्या. युहानीने गुडघे टेकून बर्फाला हात लावला आणि बराच वेळ तो तसाच बसला. उद्घाटन साडेआठला होतं. मुख्य अतिथी नऊ वाजून पाच मिनिटांनी आले. शनिवारी नऊला राहुकाळ लागतो, तो साडेदहापर्यंत. राहुकाळात दीप लावायचा नाही आणि दीप लावल्याशिवाय स्पर्धा सुरू करायची नाही. मग आम्ही सगळे साडेदहापर्यंत बर्फाकडे बघत बसलो. त्यानंतर प्रार्थना, स्वागत, परिचय आणि चार भाषणं झाली. 'युवाशक्ती' या विषयावरचं शेवटचं भाषण संपलं तेव्हा पहिल्या रांगेतल्यांनी पाय खुर्चीवर घेतले होते.

चौकशीसाठी उपसमिती नेमली. तिने अहवालात म्हटलं की मुख्य अतिथींना वेळेवर आणणं समितीच्या अखत्यारीत येत नाही. बर्फ मात्र येतो. तेव्हा बर्फानेच उशिरा यावं.

त्याप्रमाणे दुसऱ्या वर्षी लॉरीला एकची वेळ दिली. एकला पंगत बसली होती. पानांवर बिसी बेळे भात वाढलेला असताना माणसांना उठवून त्यांच्या जागी बर्फ मांडणं कुणालाच बरं वाटेना. लॉरी परत पाठवली. तिसऱ्या वर्षी, बर्फामुळे कार्यक्रमात दोनदा व्यत्यय आल्याचं लक्षात घेऊन, बर्फ कार्यक्रमपत्रिकेतून वगळण्याचा ठराव एकमताने संमत झाला. स्पर्धा पहिल्यांदाच वेळेत संपली. दोन्ही देशांच्या सर्व खेळाडूंना 'संयुक्त विजेते' अशी प्रमाणपत्रं दिली. आयांनी ती तिथल्या तिथे प्लास्टिकच्या पिशव्यांत घातली.

वनजा दरवर्षी पट्ट्या बांधून यायची आणि पट्ट्या सोडून घरी जायची. सदऱ्याचं एकेक बोट सुटत होतं. चौथ्या वर्षी ती तेरा पूर्ण करून चौदाव्यात होती, आणि निवृत्तीरावांनी शेवटची शिवण उसवली.

त्या शनिवारी खुर्च्यांवर मान्यवरांच्या नावाच्या चिठ्ठ्या लावायला मी सातला गेलो. आतून खरवडल्यासारखा आवाज येत होता. दार ढकललं तर समोर बर्फ. निवृत्तीरावांनी कारखान्यातल्या लोकांचे शर्ट शिवून द्यायच्या बोलीवर लाद्या आणवल्या होत्या. शिवणाच्या जुन्या कातऱ्यांची पाती लोहाराकडून बुटांखाली बसवून घेतली होती. दहा मुलं बर्फावर होती आणि कडेला युहानी शिट्टी तोंडात धरून मागे मागे सरकत होता. मुलांमध्ये माझा भीमसेनही होता. घरी तो क्लासला जातो म्हणून सांगून निघाला होता.

भीमसेन तीनदा आपटला, उठला, आणि चकती घेऊन सरळ वनजावर गेला. तिने गुडघ्यावर पडून ती अडवली. दोघंही हसत होती.

"अप्पा, बारा मिनिटं झाली," भीमसेन ओरडून म्हणाला. "ही एकपण आत जाऊ देईना."

खरं सांगतो, मला फार आनंद झाला. हातातल्या चिठ्ठ्या तशाच धरून मी खांबाला टेकून उभा राहिलो. चार वर्षं मी या खेळाचा कार्यवाह होतो आणि तो दिसतो कसा हे मला तेव्हा कळलं.

तेवढ्यात मूर्तीसर आणि बाकीचे बाप आले. थोडा वेळ तेही बघत राहिले. मग कुणीतरी म्हणालं, "हे असंच चाललं तर कोणतरी जिंकेल की."

एक जिंकेल म्हणजे दुसरा हरेल. प्रमाणपत्रं 'संयुक्त विजेते' म्हणून छापून तयार होती. हरलेल्याला आंतरराष्ट्रीय सहभागाचे गुण मिळतात, विजेत्याचे मिळत नाहीत. आणि आमची मुलं कापसाच्या पट्ट्या बांधलेल्या एका पोरीपुढे पाऊण तास टिकतील, याची खात्री आमच्यातल्या एकालाही नव्हती.

"निवृत्तीराव, उद्घाटनाआधी खेळणं नियमात बसत नाही," मूर्तीसर शांतपणे म्हणाले. "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी, जरा सांभाळून घ्या. पुढच्या वर्षी नक्की खेळवू. मी स्वतः बघतो."

"पुढच्या वर्षी तिला चौदा पुरं होतंय, सर," निवृत्तीराव म्हणाले. त्यांनी वनजाच्या सदऱ्याची कड उलटून दाखवली. "आत कापड उरलं नाही."

"अज्जा, दहा मिनिटं माग," वनजा गोलातूनच म्हणाली. "दहाच मिनिटं. मग साक, तेवढं पुरे, आम्ही जातो."

मूर्तीसरांनी खेळ तिथंच थांबवण्याचा ठराव मताला टाकला. लोकशाही पद्धतीने, तिच्यासमोरच. माझा हात वर गेला तेव्हा भीमसेन माझ्याकडे बघत होता. ठराव एकमताने संमत. युहानीने शिट्टी तोंडातून काढली आणि खिशात ठेवली.

बर्फ वाया जाऊ नये याची समितीने काळजी घेतली. आचाऱ्यांनी पहारीने लाद्या फोडल्या आणि तुकडे पानकाच्या पिंपांत टाकले. गूळ, लिंबू, वेलदोडा. मुख्य अतिथी पहिल्यांदाच वेळेवर आले आणि पानक फार गार आहे असं त्यांनी भाषणात आवर्जून सांगितलं.

प्रमाणपत्रांसाठी वनजाचं नाव पुकारलं. ती पट्ट्या न सोडताच मंचावर आली. कागद वाचला आणि मूर्तीसरांना परत दिला.

"हे बेडा, सर. नको मला," ती म्हणाली. "मला हरल्याचं द्या."

"तू हरली नाहीस, मरी, बाळा," मूर्तीसर समजुतीने म्हणाले. "कोणीच हरलं नाही."

"तेच की. हरायला तरी खेळावं लागतंय."

हरल्याच्या प्रमाणपत्राचा नमुना समितीकडे नाही, असं मूर्तीसरांनी माईकवरून सांगितलं. ती आभार मानतेय असं धरून चालून सभागृहाने टाळ्या वाजवल्या. परत दिलेलं प्रमाणपत्र माझ्या कपाटात आहे. भीमसेनचं कॉलेजात जमा झालं. त्याला जागा मिळाली. आता तो मोठ्या कंपनीत पूल बांधतो आणि माझ्याशी बेताने बोलतो. एकदा मी त्या सकाळचा विषय काढला तर म्हणाला, "अप्पा, त्या बारा मिनिटांचं सर्टिफिकेट असतं तर मी ते लावलं असतं भिंतीवर."

मी हे सगळं इतिवृत्तात लिहिलं नाही, इथं लिहिलं. वाचताना तुम्हाला आमचा राग आला असेल, आणि ती दहा मिनिटं तिला मिळायला हवी होती असंही वाटलं असेल. तसं त्या दिवशी सभागृहात सगळ्यांनाच वाटत होतं. तिसऱ्या रांगेत, खांबाच्या बाजूला, तुम्ही बसला होतात. तुमच्या मुलाचं नाव पुकारायचं बाकी होतं म्हणून तुम्ही काही बोलला नाहीत. पानकाचा दुसरा ग्लास तुम्ही मागितलात, तो मीच आणून दिला. त्यात बर्फाचा चांगला मोठा तुकडा होता, आणि तो विरघळेपर्यंत तुम्ही थांबलात.

स्पर्धा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली.