एका बाईच्या घरची मांजर

कानबाई बसायला एक दिवस उरला आणि द्रौपदाबाईंच्या घोट्याला पिसू चावली.

चावायची तर चावली, पण कुणाच्या घरात! जळगावच्या मेहरूणमध्ये द्रौपदाबाईंचं घर म्हणजे आरसा. "माझ्या घरात मुंगीसुद्धा पाय धुऊन येते," असं त्या साऱ्या भाऊबंदकीला ऐकवत आल्या होत्या, आणि भाऊबंदकीतल्या बायकांनी ते बोल पदराला बांधून ठेवले होते, कधीतरी परत करायला. याच स्वच्छतेच्या जोरावर दर श्रावणात कुळाची देवी कानबाई त्यांच्या घरी बसे. सगळं कूळ तिथे जमे आणि नैवेद्याचे रोटही तिथेच होत. सोनगीरची धाकटी जाऊ झुंबरबाई दरसाल म्हणायची, "अक्का, एखादं साल मना घर बसू द्या ना कानबाई." दरसाल उत्तर मिळायचं, "पहिले तुनं घर तं झाड!"

आणि आता घोट्याला ही खाज. कुणाला कळलं असतं, तर पुढल्या श्रावणात कानबाई सोनगीरच्या वाटेला लागली असती.

पिसवांचं माहेर गोधड्यांच्या चवडीमागे सापडलं. पिवळी मांजर तिथे व्यायली होती. नुकते डोळे उघडलेली तीन पिल्लं आईला चिकटून पडली होती आणि त्यांच्या पोटावरून पिसवा बाजारहाट केल्यासारख्या फिरत होत्या.

सून मंदा म्हणाली, "आई, कपाशीवर मारतात ती पावडर आणू का? एक मूठ टाकली की सगळं साफ."

"पिल्लंबी साफ होतील, त्याचं काय? उद्या देवी बसणार आणि आज जीव घेऊ? तू गहू निवड, मी आलेच."

गुरांच्या दवाखान्यात द्रौपदाबाई दोन बैल आणि एका म्हशीच्या मागे रांगेत उभ्या राहिल्या. नंबर आल्यावर त्यांनी आवाज खाली आणला. "डॉक्टरसाहेब, एका बाईच्या घरी मांजर व्यायलीय. पिसवा झाल्यात पिल्लांना. त्या बाईने विचारायला पाठवलंय."

"पावडर टाकली का त्या बाईने?"

"नाही."

"शहाणी आहे. एवढीशी पिल्लं अंग चाटतात, औषध पोटात जातं आणि मरतात. रॉकेल नको, फिनेल नको, कुत्र्याचं औषध तर मुळीच नको. कोमट पाणी, जरासा अंगाचा साबण. मानेपर्यंत धुवायचं, डोकं बुडवायचं नाही. लगेच कोरडं करून उबेला ठेवायचं. गारठली तर पिसवांआधी तीच जातील. मग बारीक फणीने विंचरा, निघालेली पिसू साबणाच्या पाण्यात बुडवा. आईलाही विंचरा. अंथरूण उकळत्या पाण्यात टाका." डॉक्टरांनी खाली पाहिलं. द्रौपदाबाई एका पायाने दुसरा पाय घासत होत्या. "आणि त्या बाईला म्हणावं, घोट्याला खोबरेल लाव."

सगळं सोपं होतं, घोडं अडलं ते फणीवर. "आमच्या घरात उवा नाहीत, मग फणी कशाला?" असं म्हणून द्रौपदाबाईंनी घरातली फणी चारचौघींच्या देखत चुलीत घातली होती. आता शेजारी मागायला गेलं, तर पिसवा झाकताना उवांची बोंब व्हायची.

दुपारच्या एसटीने झुंबरबाई आली, जेवली आणि आडवी झाली. द्रौपदाबाईंनी तिची पिशवी उघडली. पाहुणीची पिशवी उघडू नये हे त्यांना कळत होतं, पण जाऊ कुठे पाहुणी असते? पिशवीत लुगड्याच्या घडीखाली अगदी बारीक दात्यांची लाकडी फणी होती.

त्या न्हाणीघरात शिरल्या आणि आतून कडी लावली. पहिलं पिल्लू धुतलं, पुसलं, विंचरलं. दुसरंही झालं. तिसरं कोमट पाण्यात मानेपर्यंत बसलं होतं, तोच बाहेरून हाक आली.

"अक्का, मनी फणी देखी का?"

"मी न्हाई ऱ्हायनी!"

"आते? सकायले तं न्हायन्यात तुम्ही!"

"रोटनं दळन शे. दोनदा न्हावं लागस."

"मागला साल तं एकदाच न्हायन्यात."

"म्हनीसन तं हिरीले पानी नही लागनं!"

तेवढ्यात पाण्यातल्या पिल्लाने देहाचा सगळा जोर लावून तोंड उघडलं.

"हाई काय वाजनं, अक्का?"

"मना घसा बसना!"

आता इथे संपलं असतं तर बरं. पण अक्का रोटासाठी दोनदा न्हातात, ही बातमी झुंबरबाईने ओसरीवर नेली. ओसरीवर कुळातली बेबाबाई होती, वच्छलाबाई होती, एरंडोलच्या दोघी होत्या. अक्काने दोनदा न्हायचं आणि आपण एकदाच न्हाऊन देवीचं दळण शिवायचं? बघता बघता न्हाणीघरापुढे खांद्यावर लुगडी टाकून रांग लागली. नळाला पाणी एक दिवसाआड. मंदाने हौदात डोकावून कपाळावर हात मारला.

"अक्का, आवरा ना व!" बाहेरून दार वाजू लागलं.

आत तीन पिल्लं आणि एक द्रौपदाबाई. त्यांनी पिल्लं कोरड्या लुगड्यात गुंडाळली आणि टोपलीत ठेवली. पण बाहेर जायचं तर न्हाल्यासारखं दिसायला हवं. दोन तांबे डोक्यावर ओतले. केस तोंडावर आले. मग फणी साबणाच्या पाण्यात खळबळली, देवीचं नाव घेतलं आणि तीच डोक्यातून फिरवली. कडी काढून त्या गरजल्या, "सरका बठ्ठ्या! सोवळं शे! कोनी शिवू नका!"

बायका भिंतीला चिकटल्या. टोपली पुढून जाताना लुगडं हललं. बेबाबाईने गालावर मारून घेतलं. "माय व! देवीनं वस्त्र हालनं!" एरंडोलच्या दोघींनी तिथेच हात जोडले. देवी चुलीमागच्या उबेला जाऊन निवांत झोपली.

संध्याकाळी मांजरीला विंचरून झालं. गोधड्या उकळत्या पाण्यात पडल्या, तेव्हाही बायकांत कौतुक झालं, की अक्का देवीसाठी गोधड्यासुद्धा उकळतात. फणी पिशवीत, घडीखाली, जिथली तिथे गेली.

रविवारी कानबाई बसली. सोमवारी सकाळी वाजतगाजत तलावावर निरोप झाला. एक पिसू दिसली नाही, एक बोट उठलं नाही. द्रौपदाबाई एसटी स्टँडवर झुंबरबाईला पोहोचवायला गेल्या, त्या मान ताठ ठेवूनच.

एसटी लागली. झुंबरबाईने खिडकीशी जागा धरली, पिशवीतून फणी काढली आणि दात्यात अडकलेला केस बोटावर धरून खिडकीबाहेर केला.

"अक्का, तुमना केस धवळा. मना काळा. मनी मांजर बी काळीच शे. मंग हाऊ पिवळा केस कोना?"

द्रौपदाबाईंच्या पायाखालची फरशी सरकली. कानबाई चालली सोनगीरला, नथीसकट! आणि मग एकदम त्यांचे डोळे बारीक झाले.

"झुंबर, तुनी मांजरना केसना इठे काय संबंध व? तुना डोकानी फणीम्हा मांजर कशी उनी?"

आजूबाजूला पाहून झुंबरबाई कुजबुजली, "मना डोकानी नही शे ती, अक्का. मांजरनीच शे. हिन्हापेक्षा बारीक भेटी का जळगावले, म्हनीसन नमुनाले आनी. बठ्ठा घरम्हा पिसवा शेतस व माय! पिल्ला चिमुकला. पावडर टाकू का?"

द्रौपदाबाईंचा हात नकळत स्वतःच्या डोक्याकडे गेला आणि वाटेतच थांबला.

"खबरदार पावडर टाकी तं!" आणि मग, वरणाची फोडणीसुद्धा कुणाला न सांगणाऱ्या द्रौपदाबाईंनी कोमट पाण्यापासून उबेपर्यंत सगळं सांगितलं. शेवटी विचारलं, "आनि पुढला साल कानबाई?"

"तुमनाच घर, अक्का. मना घर पाव्हनास्ले जागाच कोठे शे?" मग तिला आठवलं. "पन डॉक्टरले इचारनं पडनं तं? मना घरनी मांजर कशी सांगू?"

"सांगानं, एका बाईना घरनी शे."

घंटी वाजली, गाडी हलली. झुंबरबाईने मान बाहेर काढली.

"हां, बराबर! डॉक्टरनी इचारं, कोनती बाई, तं सांगसु, जळगावले ऱ्हास. मेहरूणम्हा!"