हँडलवरचा पंजा

"देवाने दिलेला हात तुटला की गेला! मी केलेला तुटला तर दुपारपर्यंत नवा!" टर्नरने गल्लीत जाहीर करून टाकलं.

त्याचा डावा हात कारखान्यातल्या लेथ मशीनने कोपराखालून नेला, त्याला वर्ष झालं होतं. ज्या मशीनला चोवीस वर्षं तेल पाजलं, तिनेच एके दुपारी बाही ओढली. पण गडी मोटरसायकल सोडायला तयार नव्हता. त्याने क्लच उजव्या मुठीकडे घेतला आणि नवा हात बनवायच्या मागे लागला.

पहिला हात लोखंडी पाइपचा. इतका जड, की गाडी आपोआप डावीकडे वळायची. तीनदा ती शेजाऱ्याच्या फाटकात शिरली. "चहा हवा असेल तर तोंडाने सांगा की!" शेजारी म्हणाला. दुसरा हात हलका, पण खड्डा आला की हँडल सोडून सलाम ठोकायचा! तिसऱ्याला मात्र तोड नव्हती. पंजाच्या जागी चिमटा, वर हातमोजा, मनगटात स्प्रिंगचा खटका. गाडी पडलीच तर खटका सुटावा, पंजा हँडलला राहावा आणि माणूस मोकळा व्हावा.

बायकोला मात्र गाडीच नको होती. गल्लीतला पाववाला ती विकत घ्यायला टपलेला होता. शेवटी तह झाला.

"मला बाजारात न्या नि परत आणा. हात एकदा जरी सुटला, तर गाडी पाववाल्याची."

"आणि नाही सुटला तर?"

"जन्मभर मागे बसेन. गप्प बसेन!"

"गप्प? मग तर सुटतच नाही!"

जाताना सगळं झकास. येताना गतिरोधक आला आणि बायकोने सव्वीस वर्षांच्या सवयीने त्याचा डावा कोपर गच्च धरला. खट्! पंजा हँडलवर, उरलेला हात हवेत!

टर्नरला पत्ताच नाही. नसलेली बोटं त्याला वर्षभर जाणवत होती, खाजायचीसुद्धा. आताही मूठ आवळलेलीच वाटत होती, आणि खाली पाहिलं तर मोजा जागेवर. लोक वळून वळून बघत होते. त्याला वाटलं, कौतुक! ओरडावं तर हा दचकेल, म्हणून बायकोने त्याच्या कमरेला मिठी मारली. भर रस्त्यात असं तिने कधी केलं नव्हतं. टर्नर शीळ घालू लागला!

दारात गाडी थांबली. "बघ! सुटला का एकदा तरी?"

बायकोने नुसतं बोट दाखवलं.

त्याने पाहिलं. "कुठून?"

"गतिरोधकापासून."

"अगं, म्हणजे एवढा रस्ता मी एका हाताने..." त्याची छाती फुगत होती, तेवढ्यात ती पायरीवर बसली. तिने तोंड पदरात लपवलं.

"दवाखान्याच्या बाकावर एकदा बसले, तेवढं पुरे नाही का हो?"

टर्नर गाडीवरून उतरला. स्वतःच जाऊन पाववाल्याला घेऊन आला.

पाववाल्याला गाडी पसंत पडली. हातमोज्याशी मात्र तो अडला. ओढून पाहिला, पिळून पाहिला. चिमट्याचा स्क्रू धक्क्याने वाकून रुतला होता.

"राहू दे, घरी नेऊन कापतो," म्हणत त्याने किक मारली. "पण काका, इतकं घट्ट कशाला हो बसवलंत?"

"सुटू नये म्हणून," टर्नर म्हणाला.