वॉर्गमूरचा राखणदार

ब्रॅंडनचा वीर गुरुवारपासून उड्या मारत होता. आज रविवार.

त्याला थांबता येत नव्हतं. थांबला की पायांखालची जमीन त्याला गिळायची आणि तो खाली पडत राहायचा, खूप खाली, जिथे खेळ बनवणाऱ्यांनी काहीच बनवलं नव्हतं. ‘वॉर्गमूर’ हा खेळ तसा मोठ्या हिमतीचा. त्यात शेकडो गावं, प्रत्येक गावकऱ्याला स्वतःच्या आठवणी, प्रत्येक कोंबडीला स्वतःची भूक. फक्त राजा फिरायला गेला की त्याची दाढी सिंहासनावरच राहायची. घोडे मधेच आभाळात चढायचे आणि तिथेच चरायचे. आणि खेळ जतन करायला गेलं की

*काहीतरी चुकलं आहे. वॉर्गमूर बंद होत आहे.*

ब्रॅंडनचा वीर गुरुवारपासून उड्या मारत होता.

तर, जतन करायला गेलं की खेळ हा असा बंद पडायचा आणि वीर पुन्हा सुरुवातीला, मुळ्याच्या शेतात, अनवाणी उभा. ब्रॅंडनवर ही पाळी दोनदा आली होती. म्हणून या खेपेला त्याने जतन केलंच नाही आणि लॅपटॉपही बंद केला नाही. स्पेसबार दाबला की वीर उडी मारतो. खेळाने काही विचारलं तर तोच स्पेसबार म्हणजे ‘हो’. झोपताना ब्रॅंडन त्यावर वडिलांची बामची बाटली ठेवायचा.

आचरा तिठ्यावर त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाइकाची कसलीही तक्रार असो, तो आधी एकच विचारतो, “बंद करून परत चालू करून बघितलंस?”

लॅपटॉप मात्र त्याचा नव्हता. तो जेनिसचा, त्याच्या बायकोचा. ती शाळेत शिकवते.

“तिनसांजेक माका लॅपटॉप होयो,” जेनिसने दुपारी सांगून टाकलं. “पोरांचे मार्क भरूचे आसत. तुझो राजा मरो नायतर जगो.”

“अगो, फक्त ड्रॅगन रवलो!”

“गुरवारी पण ड्रॅगनच रवललो.”

ब्रॅंडन गुहेच्या तोंडाशी पोचला. ड्रॅगन दारातच बसला होता. ब्रॅंडनने तलवार उपसली, नेम धरला आणि

लाईट गेली.

पंखा थांबला. लॅपटॉपची बॅटरी जुनी; चार्जर काढला की ती म्हाताऱ्यासारखी धापा टाकते.

“पप्पा!” ब्रॅंडन ओरडला. “बाबलीकाकान जनरेटर घेतलोहा मां?”

“कालच इलो,” मिंगेल आतून म्हणाले. “पण त्येनी अजून चालू करूक नाय.”

“चला! मी लॅपटॉप धरतंय, तुमी स्पेसबार दाबा!”

चालताना बामची बाटली घरंगळली असती. म्हणून आचऱ्यातल्या त्या पायवाटेवर एक मिरवणूक निघाली. पुढे ब्रॅंडन, दोन्ही हातांवर उघडा लॅपटॉप, सणाला मूर्ती न्यावी तसा. बाजूला मिंगेल, खांद्यावर चार्जरची वायर, एक बोट स्पेसबारवर.

“दाबतास मां?”

“दाबतंय रे! तू गडगो बघ!”

दगडांचा गडगा ओलांडताना मिंगेलचं बोट क्षणभर निसटलं. वीर गुडघ्यापर्यंत जमिनीत गेला.

“पप्पा!!”

“गुडघेच गेले मां? गुडघे माझे पण गेलेहत. दुखतत, पण जगतंय.”

शेजारच्या बाबलीचा मंडपाचा धंदा. त्याच्या घरापुढच्या खळ्यात नवा जनरेटर हार घालून उभा होता, समोर नारळ, आणि भोवती त्याच्या मंडपाची माणसं हात जोडून.

“काका, आदी जनरेटर चालू करा!”

“वायच थांब. देवाक गाऱ्हाणा घातल्याशिवाय चालू करूचो नाय,” बाबली म्हणाला आणि त्याने डोळे मिटले. “बा देवा म्हाराजा! ह्यो जनरेटर आज आमच्या दारात इलो, तेका डिझेल कमी लागांदे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” माणसं गरजली.

“लग्नात मधीच बंद पडान माका शिये पडतीत, असा करू नुको रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“बॅटरी लाल झाली रे म्हाराजा,” ब्रॅंडन रडवेल्या आवाजात म्हणाला.

“व्हय म्हाराजा!”

नारळ फुटला. जनरेटर धडधडला. चार्जर लागला आणि ब्रॅंडनने ड्रॅगनवर तलवार चालवली. ती आरपार गेली. पुन्हा चालवली, पुन्हा आरपार. ड्रॅगन अर्धा दारात होता, अर्धा दगडात घुसला होता. तो मरत नव्हता, हलत नव्हता आणि वाटही सोडत नव्हता.

बाबली मागून वाकून बघू लागला.

“ह्यो कोण?”

“ड्रॅगन. तेका मारल्याशिवाय आत जावक मेळणा नाय.”

“कोणाक त्रास देता?”

“नाय. नुसतो दारात बसलोहा.”

“दारात बसता, कोणाक त्रास देणा नाय, तलवार लागणा नाय.” बाबलीचा आवाज उतरला. “अरे मेल्या, ह्यो राखणदार, जाग्याचो देव! आणि तू तेका तलवार दाखवतंस? शिरा पडो तुझ्या तोंडार!”

“काका, ह्यो गेम आसा.”

“बाबली बरोबर सांगता,” स्पेसबार दाबत मिंगेल म्हणाले. “आमच्या वाडीच्या राखणदाराक आमीपण मेणबत्ती लायतो. तेच्यार कोणी तलवार चालवणा नाय. पिशयेत काय आसा तुझ्या?”

वीराच्या पिशवीत पाव होता, दारूचा बुधला होता आणि एक जिवंत कोंबडी. ब्रॅंडनने आतापर्यंत सगळं करून बघितलं होतं, हेही केलं. तिन्ही वस्तू ड्रॅगनच्या पुढ्यात ठेवल्या. बाबलीने हात जोडले.

“बा वॉर्गमूरच्या राखणदारा! मिंगेलाच्या झिलान अज्ञानान तुझ्यार तलवार उगारली, ती चूक पदरात घे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“तेका वाट दी, आणि सुनेचो लॅपटॉप सुखरूप घराक जांवदे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

कोंबडीला स्वतःची भूक होती. ती पाव टोचत टोचत बाजूला सरकली. ड्रॅगनलाही स्वतःची भूक असावी. त्याने कोंबडीकडे बघितलं, दगडातून अंग सोडवलं आणि तिच्यामागून शांतपणे चालू लागला. दार मोकळं!

ब्रॅंडन आत धावला. मुकुट! तुताऱ्या वाजल्या. राजा आला, पाठोपाठ त्याची दाढी आली, दोघं वेगवेगळे वाकले. खळ्यात एकच आरडाओरडा झाला. माणसांनी ब्रॅंडनला उचललं. मिंगेलच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात जेनिस गडगा ओलांडून आली.

“तिनसांज झाली. खंय आसा माझो लॅपटॉप?”

“जिकलंय गो! मी जिकलंय!” ब्रॅंडन वरूनच ओरडला.

पडद्यावर सोनेरी अक्षरांत इंग्रजी प्रश्न आला.

“काय विचारता तो?” बाबलीने विचारलं.

जेनिसने शाळेत वाचतात तसं, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं वाचून मराठीत सांगितलं, “तुमचा विजय जतन करायचा का?”

“नाय!” ब्रॅंडन किंचाळला.

“व्हय म्हाराजा!” अख्खं खळं गरजलं. आणि मिंगेलनी दुपारभर जे करत होते तेच केलं.

*काहीतरी चुकलं आहे.*

मुळ्याचं शेत. अनवाणी वीर.

माणसांनी ब्रॅंडनला हळूच खाली ठेवलं. बाबलीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“ब्रॅंडन, बंद करून परत चालू करून बघितलंस?”

जेनिसने लॅपटॉप मिटला आणि काखेत मारून घरी नेला.

सोमवारी संध्याकाळी तिने सगळ्या वर्गाचे मार्क भरून संपवले. पाठ मोडली होती. तिने शेवटचं बटण दाबलं. पडद्यावर एक छोटी चौकट आली: जतन करायचे का?

जेनिसचं बोट हवेतच राहिलं. ब्रॅंडन जेवता जेवता थांबला. मिंगेलनी दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले.

“काय झाला गो?” ब्रॅंडनने विचारलं. “असल्या गोष्टींर तुझो विश्वास नाय मां?”

“नाय,” जेनिस म्हणाली. बोट तिने मागे घेतलं. “पप्पा, बाबलीकाकांका वायच हाक मारा. आणि येताना नारळ घेवन येवक सांगा.”