कळंब्याच्या तळ्यावर तीन डोकी

नातवाला एकदा फिरवून आणावे असे मला वाटले. एवढेच. मला तशा बऱ्याच गोष्टी वाटतात (गॅस चालू राहिला, असे मला गावाला निघताना, पोहोचल्यावर आणि परत आल्यावरही वाटते). पण हे वाटणे मी सूनबाईंसमोर मोठ्याने बोललो, तिथे चुकलो.

सूनबाईंचे नाव क्रांती. आठ महिन्यांच्या नातवाचे नाव सम्राट. क्रांतीच्या कडेवर सम्राट बसतो, हे जगाच्या इतिहासात फक्त आमच्याच घरी घडले असावे.

"बाबा, एकटा नेणार?" क्रांतीने विचारले.

"एकटा कसा? तो असेल की."

"तेच म्हणते. तो एकटाच असेल."

हा अविश्वास अकारण नव्हता. आजवर सम्राटला माझ्याकडे देताना मला आधी भिंतीला टेकवून बसवत, दोन्ही बाजूंना उशा लावत, आणि मग जणू उकळते दूध ओतावे तसा त्याला माझ्या मांडीत सोडत. म्हणजे ही परीक्षा होती. पास झालो तर रोजचे फिरणे माझ्याकडे. नापास झालो तर नातू हातात मिळणार तो एकदम त्याच्या लग्नात, अक्षता टाकताना.

मुलाने ऑनलाइन मागवलेली पट्ट्यांची पिशवी होती. बाळ छातीशी बसते आणि पट्टे आपल्या पाठीवर आवळतात. माझा हात पाठीमागे जात नाही, आणि मानेला दुखण्याचा पट्टा असल्यामुळे मानही वळत नाही. तेव्हा ते काम आमच्या सौभाग्यवती बाळाबाईंनी अंगावर घेतले.

"सरळ हुबं ऱ्हावा की! किती हलतासा!"

"एवढा वेळ काय चाललंय मागे?"

"पट्टा लावतीय न्हवं! आन् हे बघा, तिन्हीसांजंला पोरगं बाहेर नगं. दिवं लागायच्या आत घरात या."

इथे एक सांगितले पाहिजे. आमच्या घरात दृष्ट काढणे, मीठ-मोहऱ्या ओवाळणे, लिंबू-मिरची बांधणे या सगळ्याला सक्त बंदी आहे. ती मी घातली आहे, आणि पाळतोही मी एकटाच. मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवले. डॉक्टरेट कार्यकारणभावावर. एका गोष्टीमागून दुसरी घडली म्हणजे पहिलीमुळे दुसरी घडली असे नव्हे, हे मी प्रबंधात सिद्ध केले आहे (निदान परीक्षकांनी तरी तसे लिहून दिले). पदवीदानाला भाड्याचा गाऊन वेळेवर मिळेल की नाही, या काळजीने मी स्वतःचा काळा गाऊन शिवून घेतला होता. तो अजून ट्रंकेत आहे. असो.

तळ्यावर पोहोचलो तेव्हा ऊन उतरले होते. सम्राट माझ्या खांद्यावरून मागे पाहत होता. एकाएकी तो हसला. ओळखीचे माणूस दिसल्यावर बाळ हसते तसा.

मी अख्खाच्या अख्खा वळलो. मागे रिकामी वाट होती.

पुढे निघालो तर तो पुन्हा हसला. आता हातही हलवू लागला. समोरून तीन बायका मोठमोठ्याने बोलत येत होत्या. आम्हाला ओलांडून त्या मागे गेल्या आणि त्यांचे बोलणे पंखा बंद करावा तसे थांबले. वळून पाहिले तर तिघी वाट सोडून गवतात उभ्या, आणि एकीने पदर तोंडावर घेतलेला. एक कुत्रे माझ्या मागून आले, थबकले, आणि माझ्या पाठीकडे बघत केस फुलवून गुरगुरू लागले.

मला माझ्या शिक्षणाचा फारच आधार वाटला. म्हणजे, वाटायला हवा होता.

पाण्याजवळ एक म्हातारा म्हैस धूत होता. त्याने माझी पाठ पाहिली आणि हातातला गवताचा बोळा तसाच राहिला.

"पावणं," तो दबक्या आवाजात म्हणाला, "बोलू नगा. मागं वळून बघू नगा. सरळ पाण्याकडं जावा."

"का?"

"आरं, बोलाय लागला की ह्यो!" त्याने दोन्ही कानांवर हात ठेवले आणि म्हैस अर्धी कोरडीच घेऊन निघून गेला.

त्याच वेळी माझ्या पाठीवर काहीतरी हळूच आपटले. मऊ. दोन बोटांनी कुणी टकटक करावे तसे. मी सम्राटचे हात पाहिले. दोन्ही माझ्या हनुवटीखाली, मुठीत माझा शर्ट धरून. मी चार पावले टाकली. टक. टक. थांबलो, तर तेही थांबले.

मी घराकडे वळलो. आता सूर्य पाठीशी आला आणि माझी लांबच लांब सावली समोर पसरली. सावलीला माझे डोके होते. त्याशेजारी खांद्यावरून डोकावणारे सम्राटचे. आणि खांद्याच्या कडेला तिसरे होते.

लहान होते ते. एका बाजूला कलंडलेले, फासावरून उतरवल्यासारखे. मी चाललो की होकार दिल्यासारखे हलायचे. मी उभा राहिलो तरी ते अजून थोडे हलले, आणि मग थांबले.

"ये," सम्राट म्हणाला. "ये, ये." आणि त्याने माझ्या खांद्यावरून दोन्ही हात पुढे केले.

जे दिसत नाही ते नाहीच, असे म्हणता येत नाही, हे मी वर्गात जन्मभर शिकवले. कुठल्या बेसावध क्षणी शिकवले कोण जाणे! मी सम्राटचे डोके तळहाताने झाकले, त्याला घट्ट धरले आणि मागे न बघता म्हणालो, "याला नको. हवं तर मला घे."

मनापासून म्हणालो. (लगेच वाटले, घाई झाली का? यंदाचा हयातीचा दाखला नुकताच दिला होता.)

रस्त्यावर एक रिक्षा उभी होती.

"या की काका. कितीजण?"

"दोघंच."

मी आत शिरायला वळलो, आणि रिक्षावाला ओरडला, "थांबा, थांबा! दोघंच म्हणलासा न्हवं? मग मागं कोण हाय?"

"क... कोण आहे?"

"मला इचारतासा? आधी तळ्यात सोडून या, मग बसा!"

"अहो, नातू आहे माझा! तळ्यात कसा सोडू?"

"नातू न्हवं, काका! तिला! मागच्या बाईला!"

बाई! मी पुढचे ऐकलेच नाही. मानेला पट्टा, छातीला नातू, पाठीला बाई, अशा अवस्थेत मी घरापर्यंत पळालो. डॉक्टरांनी मला जिना चढायलाही मनाई केलेली आहे.

दारात बाळाबाई दिवा लावून उभ्या होत्या. मागे क्रांती, चेहरा उतरलेला.

"बाळाबाई! माझ्या मागं कोण आहे?"

बाळाबाईंनी शांतपणे माझ्यामागे जाऊन पाहिले. "कोण न्हाय."

"नीट बघ!"

"बघितलं की. हाय तिथंच हाय. पडली न्हाय."

"कोण पडली नाही?"

सेफ्टी पिन उघडल्याचा आवाज झाला. बाळाबाईंनी माझ्यासमोर वीतभर काळी बाहुली धरली. गळ्याला दोरा, मान कलंडलेली, डोळ्यांच्या जागी शर्टाची दोन पांढरी बटणे. सम्राट ती पाहून खदखदून हसला. "ये, ये!"

"दृष्टीची बाहुली," बाळाबाई म्हणाल्या. "म्होरं लावली असती तर तुमी काढून टाकली असती. म्हणून मागं लावली."

मी धापा टाकत तळ्यावरचे सगळे सांगितले, तेव्हा क्रांतीने कपाळावर हात मारला. "आई, अहो, काळी बाहुली घेऊन तिन्हीसांजेला तळ्याकडं निघालेला माणूस! लोकांना वाटलं असेल, बाबा उतारा सोडायला निघालेत. उतारेवाल्यानं बोलायचं नसतं, मागं बघायचं नसतं. त्याच्याशी कोण बोलेल? त्याच्या वाटेत कोण येईल?"

मी मटकन खाली बसलो. क्रांतीने सम्राटला सोडवून घेतले, त्याला सगळीकडून तपासले आणि मग माझ्या शर्टाच्या चुरगळलेल्या गळ्याकडे पाहिले. "शर्ट सोडतच नव्हता तो तुमचा," ती हळूच म्हणाली. "उद्याही न्या, बाबा. पण उजेडात."

पास झालो! त्या आनंदात मी बाहुली हातात घेतली. कापड ओळखीचे वाटले. जाड, काळे, कडेला लाल पट्टी.

"हे कापड कुठलं?"

"ट्रंकेतला तुमचा त्यो झगा. कसर लागली हुती. म्हटलं, कशाला तरी यील उपेगी."

माझी डॉक्टरेट! तो गाऊन घालून मी मिरवलो, तेव्हा गल्लीतले शेंबडे पोरही बाजूला सरले नव्हते. आज त्याच्या वीतभर तुकड्याला बघून अख्ख्या कळंब्याने वाट सोडली.

दुसऱ्या दिवशी सम्राटला बांधून झाल्यावर बाळाबाईंनी मागून विचारले, "लावू का?"

सगळे तर्कशास्त्र आठवून मी क्षणभर विचार केला आणि म्हणालो, "लाव. पण जरा वर लाव. काल फार टकटक करत होती."