बहरामआगांचं घरटं

एका जंगलात, बाळांनो, प्रवासाचं खूळ शिरलं होतं. तुमच्या घरात शिरतं ना, अगदी तसंच.

त्या जंगलातल्या द्वारकाकाकू वानरीण सहलीबरोबर थेट इराणला गेल्या. निळे घुमट पाहिले. "अगबाई, हा तर कालचाच!" म्हणाल्या. जुन्या मशिदीत चपला काढल्या. दर्ग्यातल्या आरशांच्या भिंतीत स्वतःलाच निरखून आल्या. मग गाडी एका पडक्या राजवाड्यापाशी थांबली.

तिथल्या उंच खांबावर बहरामआगा करकोच्याचं बिऱ्हाड होतं. बायको गुलनार अंड्यांवर बसलेली.

"काय सुरेख घर हो तुमचं!" काकू खालून ओरडल्या.

आता त्या देशाची रीत अशी, की पाहुण्याने वाखाणलेली वस्तू त्याला देऊ करायची. पाहुण्याने "छे छे, नको" म्हणायचं. मग दोघांनी मिळून चहा प्यायचा. बहरामआगांनी छातीवर पंख ठेवून मान लववली. "आपलंच आहे. घ्या."

पण काकूंच्या जंगलाची रीत निराळी. लक्ष्मी टिळा लावायला आली, तर तोंड धुवायला जाऊ नये! काकू सरसर चढल्या आणि घरट्यात फतकल मारून बसल्या.

"जरा सरकता का?" त्या गुलनारला म्हणाल्या. एक अंडं पार काठावर आलं.

बहरामआगांनी अंड्याकडे पाहिलं. पण पाहुण्याला नाही म्हणणं त्यांच्या सात पिढ्यांना जमलं नव्हतं.

"अहो, बोला काहीतरी!" गुलनार कळवळली.

बहरामआगांनी चोच उघडली. "काकू, उशी देऊ का?"

काकू विरघळल्या. "किती हो लाघवी तुम्ही! या की एकदा आमच्याकडे. आपलंच घर समजा."

काकूंच्या जंगलात हे सगळेच म्हणतात. येत कुणीच नाही.

"पाहुण्याचा शब्द कसा मोडू?" बहरामआगांनी पंख पसरले. "हा निघालोच. हिवाळाभर राहीन म्हणतो."

काकूंचा चेहरा खर्रकन उतरला. "आत्ता? अहो, आमच्याकडे रंग काढायचाय! धाकट्याची परीक्षा आहे!"

बहरामआगा उडालेसुद्धा.

"आगा, थांबा हो! आमचं घर उघडंच आहे!" काकूंनी खांबावरून खाली झेप घेतली आणि गाडी गाठली. ड्रायव्हरला म्हणाल्या, "सोड रे बाबा लवकर, तो माझ्याआधी पोचेल!"

बहरामआगांनी राजवाड्याच्या घुमटाला एक फेरी मारली नि परत आले. गुलनारने अंडं पोटाशी ओढून घेतलं होतं. हसून हसून दोघं खांबावरून पडायचीच बाकी राहिली.

तात्पर्य : अतिथी हा देव असतो. आणि बाळांनो, देवाचं दर्शन नेहमी त्याच्याच घरी जाऊन घ्यावं.