एका आवाजाला एकच जागा

ताईंचा निकाल रविवारी सकाळी साडेदहाला लागणार होता आणि रेडिओच्या नव्या पेटीची चाचणी अकराला होती. निकाल विरुद्ध गेला तर चाचणी घेऊन करायचं काय, हे ग्रंथपालांना कळत नव्हतं.

ताई म्हणजे त्यांच्या बायकोची थोरली बहीण. आईवडील लवकर गेल्यावर धाकटीला ताईंनीच वाढवलं, आणि तेव्हापासून धाकटीच्या घरातला शेवटचा शब्द त्यांचाच, अशी पद्धत पडून गेली होती. पडदे कुठल्या रंगाचे आणायचे, कपाट कुठल्या भिंतीला लावायचं, हे सगळं ताई दुसऱ्या गावी बसून ठरवत. आता त्यांचे गुडघे गेले होते. ऑपरेशन इथल्या मोठ्या हॉस्पिटलात व्हायचं होतं आणि पुढचे तीन महिने त्या इथेच राहणार होत्या. कुठे? तर मागच्या खोलीत. तिथे ऊन येत होतं, बाथरूम जवळ होती, उंबरा नव्हता. अडचण एकच होती. तिथे ग्रंथपालांचा रेडिओ होता.

"ते खोकं माळ्यावर टाका," ताई मागे म्हणाल्या होत्या. "ऑपरेशन करायचं की नाही, ते रविवारी सांगते. तोवर खोली मोकळी झालेली दिसली पाहिजे."

हा रेडिओ गाणी ऐकायचा नव्हे. सरकारी परवाना घेऊन, परीक्षा देऊन, घरातून दूरदूरच्या इतर परवानाधारकांशी बोलायचा हौशी लोकांचा रेडिओ. ग्रंथपालांचा परवाना तीस वर्षांचा होता. पण छंद बोलण्याचा आणि माणूस न बोलणारा, असं ते जमून गेलं होतं. नोकरीभर लायब्ररीत लोकांना गप्प करता करता ते स्वतःच गप्प झाले होते. दर रविवारी साडेदहाला क्लबचे सेक्रेटरी रेडिओवर हजेरी घेत. आपलं नाव आलं की ग्रंथपाल "हजर" म्हणत, मायक्रोफोन खाली ठेवत आणि घाम पुसत. क्लबात त्यांना मौनी म्हणत. त्यांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. करायची तर बोलावं लागलं असतं.

आणि मग त्यांना शोध लागला की आता रेडिओवर न बोलताही बोलता येतं. कॉम्प्युटरवर टाइप करायचं. कॉम्प्युटर त्या अक्षरांची शिट्टी करतो, रेडिओ ती शिट्टी हवेत सोडतो, आणि पलीकडचा कॉम्प्युटर शिट्टीची पुन्हा अक्षरं करतो. तोंड उघडायचं कामच नाही! इतकी सोय आपल्यासाठी कुणीतरी आधीच करून ठेवली आहे, हे वाचून त्यांचे डोळे पाणावले.

त्यासाठी एक पेटी लागते. साबणाच्या वडीएवढी. कॉम्प्युटरचा आवाज तिच्यातून रेडिओत जातो आणि रेडिओचा आवाज तिच्यातून कॉम्प्युटरात येतो. रविवारी हजेरीनंतर, अकराला, सेक्रेटरींना टाइप करून पहिला संदेश पाठवायचा, अशी चाचणी ठरली. ग्रंथपालांनी शनिवारी दिवसभर खपून वायरी जोडल्या. रेडिओवर एक खटका होता, तो चालू केला की आत आवाज शिरताक्षणी रेडिओ आपोआप प्रसारण सुरू करी. तो त्यांनी चालू केला. रेडिओचा स्वतःचा स्पीकर मात्र पार बंद करून टाकला, कारण शिट्टीची पहिली तालीम ऐकून बायको स्वयंपाकघरातून ओरडली होती, "अहो, कुणाच्या शेपटीवर पाय दिलात?"

शेवटी कॉम्प्युटरने विचारलं, आवाज कुठे पाठवू आणि कुठून घेऊ? खाली यादी होती. इथेच चूक झाली, आणि ती फक्त ग्रंथपालच करू शकत होते. कुणी साधा माणूस असता, तर त्याने शिट्टीच्या प्रोग्रॅमपुरती पेटी निवडली असती आणि बाकीचं होतं तसं ठेवलं असतं. पण ग्रंथपालांनी चौतीस वर्षं एकच नियम पाळला होता. एका पुस्तकाला एकच जागा. एक पुस्तक दोन कपाटांत दिसलं की त्यांना झोप येत नसे. तेव्हा आवाजालाही एकच जागा असलेली बरी, असा विचार करून त्यांनी सगळ्या कामांसाठी, कायमसाठी, पेटीच निवडली. आणि समाधानाने झोपले.

रविवारी साडेदहाला पाच मिनिटं असताना बायको मागच्या खोलीत आली आणि ताईंना व्हिडिओ कॉल लावायला कॉम्प्युटरपुढे बसली.

"इथे?" ग्रंथपाल म्हणाले.

"मग कुठे? मोबाइलवर ताईला माझं तोंड बारीक दिसतं. ती म्हणते, तू वाळलीस. तुमचं ते अकराला आहे ना? अर्ध्या तासात उरकते."

ग्रंथपालांच्या खिशात एक कागद होता. खोली का हलवू नये, याचे सात मुद्दे त्यावर क्रमाने लिहिलेले होते. ताई दिसल्या की पहिला मुद्दा मांडायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. ते बायकोच्या मागे, पडद्यात दिसणार नाही अशा बेताने उभे राहिले.

पडद्यावर ताईंचं कपाळ आलं. मग चष्मा, मग तोंड. तोंड हलत होतं. आवाज नव्हता.

"ताई, ऐकू येत नाहीये!" बायको ओरडली. "ताई! आवाज! अहो, बघा ना काय झालंय!"

ताई बोलायच्या थांबल्या. मग दचकल्या. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि पडद्याच्या अगदी जवळ येऊन बायकोकडे टक लावून पाहू लागल्या.

"अशी काय बघतेय ही?" बायको म्हणाली. "जेवतेबिवते की नाही मी, ते बघत असेल."

तिने मोबाइलवरून ताईंना फोन लावला. पडद्यावर ताईंनी वाजणारा फोन उचलून दाखवला, कट केला आणि बोट नाचवलं. समोर बोलत असताना फोन कशाला करतेस, असं ते बोट म्हणत होतं. मग त्या पुन्हा बोलू लागल्या.

त्याच क्षणी ग्रंथपालांना रेडिओवरचा लाल दिवा दिसला. ताईंचं तोंड उघडलं की दिवा लागत होता. तोंड मिटलं की विझत होता.

लाल दिवा म्हणजे प्रसारण.

ग्रंथपालांनी झटकन रेडिओचा स्पीकर चालू केला. दिवा विझला, आणि खोलीत सेक्रेटरींचा खणखणीत आवाज घुमला.

"नाही बाई, मी तुमची धाकटी बहीण नाही. माझा घसाही बसलेला नाही. माझा आवाज असाच आहे. ओव्हर."

बायकोने पडद्याकडे पाहिलं, रेडिओकडे पाहिलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. "हे कोण?"

"सेक्रेटरी," ग्रंथपाल पुटपुटले. "ताई... ताई क्लबच्या हजेरीत गेल्यात."

प्रकार असा झाला होता, की सेक्रेटरींनी नेमकी "मौनी" अशी हाक मारली, आणि तीस वर्षं जिथे एका शब्दाचं उत्तर यायचं तिथे एका बाईचा आवाज आला, "काय गं, पोट साफ आहे ना?" कॉम्प्युटरचा आवाज पेटीत जात होता, म्हणून ताई खोलीत ऐकू येत नव्हत्या, हवेत येत होत्या. कॉम्प्युटर ऐकत होता तेही पेटीतूनच, म्हणून ताईंना बहीण ऐकू येत नव्हती, सगळा क्लब येत होता. एका आवाजाला एकच जागा मिळाली होती खरी.

सेक्रेटरी हा शिस्तीचा माणूस. रेल्वेत स्टेशनमास्तर म्हणून आयुष्य काढलेला. प्रसारण चालू असताना एका सभासदाला शिंक आली, तर त्यालाही त्यांनी लेखी समज दिली होती. परवाना नसलेल्या माणसाला बोलू देणं म्हणजे तर परवाना रद्द!

दिवा लागला. ताई हात हलवून काही सांगत होत्या. दिवा विझला.

"नाही, तुमचा भाऊजीही नाही," सेक्रेटरी म्हणाले. "आणि तो बोलका झाला असेल तर आम्हाला आनंदच आहे, पण मी तो नव्हे. बाई, असं मधेच बोलू नका. आधी माझं संपू द्या. मी ओव्हर म्हटलं की तुम्ही. ओव्हर."

ग्रंथपालांनी डोळे मिटले. ताईंना समोरच्याचं संपेपर्यंत थांबायला सांगणारा माणूस या घराण्यात अजून जन्मला नव्हता. पण डोळे उघडून पाहतात तो ताई खरंच थांबल्या होत्या. ओठ मिटून, मान कलती करून ऐकत होत्या.

"अहो, ती गप्प बसलीय," बायको घाबरून म्हणाली. "तिला बरं नाही वाटतं!"

ग्रंथपालांचा हात वायरीकडे गेला. उपटली की संपलं. पण तेवढ्यात दिवा लागून विझला, सेक्रेटरी पुन्हा बोलू लागले आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला होता.

"दोन्ही गुडघे? आणि एवढी भीती वाटते हे तुम्ही बहिणीलासुद्धा सांगितलं नाहीत? बाई, भीती सगळ्यांनाच वाटते. माझ्या गुडघ्याच्या वेळी मी टेबलावर झोपलो तेव्हा डॉक्टरांना म्हटलं, गाडी रद्द करा. ओव्हर."

बायकोने नवऱ्याचं मनगट धरलं. "हात लावू नका वायरीला."

"पण माझा परवाना..."

"ताई घाबरलीय. माझी ताई. आणि मला कधी बोलली नाही."

पडद्यावर ताई चष्मा वर करून डोळे पुसत होत्या. दिवा बराच वेळ लागलेला होता, मग विझला. ग्रंथपालांना वाटलं, आता आपण काही बोललो नाही तर मग जन्मात नाही. त्यांनी मायक्रोफोन उचलला, बटण दाबलं आणि खिशातला कागद न काढता बोलू लागले.

"नमस्कार. मी मौनी. चूक माझी आहे, बाईंची नाही. शिक्षा मला द्या. पण एक सांगतो. माणसांसमोर माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. या खोलीत बसलो की वाटतं, पलीकडे कुणीतरी आहे आणि त्याला माझं तोंड दिसत नाहीये. मी नुसतं हजर म्हणतो, पण त्या एका शब्दासाठी मी आठवडाभर वाट पाहतो. रेडिओ माळ्यावर गेला तर मी हजर कुठे म्हणणार? माझं म्हणणं एवढंच आहे. ओव्हर."

एकही शब्द अडखळला नव्हता. त्यांनी बटण सोडलं आणि भीतभीत कान दिला.

"बाई, तुमचं झाल्यावर मधे बराच वेळ नुसती शांतता होती," सेक्रेटरी म्हणाले. "ठीक आहात ना? ओव्हर."

ग्रंथपालांनी रेडिओकडे पाहिलं. पेटीसाठी रेडिओ ज्या पद्धतीवर ठेवावा लागतो, त्या पद्धतीत मायक्रोफोन बंद असतो. पुस्तिकेच्या एकतिसाव्या पानावर तसं लिहिलं होतं, आणि त्या ओळीखाली त्यांनीच पेन्सिलीने रेघ मारली होती. तीस वर्षांतलं पहिलं भाषण कुणालाही ऐकू गेलं नव्हतं.

ते मायक्रोफोन ठेवून मागे वळले. बायको त्यांच्याकडे बघत होती. पडद्याकडे नव्हे, त्यांच्याकडे.

"हे मला का नाही कधी सांगितलंत?" ती म्हणाली.

"तू विचारलं नाहीस," ग्रंथपाल म्हणाले, आणि नंतर जरा विचार करून, "आणि मी बोललोही नसतो."

पुढची दहा मिनिटं सेक्रेटरींनी ताईंना ऑपरेशननंतर जिना कसा चढायचा ते समजावलं, आणि हे सगळं मौनींच्या रेडिओवरून चाललंय, त्याला परवाना लागतो, तेही सांगितलं. क्लबातल्या दातांच्या डॉक्टरांनी मधे तोंड घातलं, तर ताईंनी त्यांनाही काही सुनावलं असावं, कारण ते "सॉरी, ओव्हर" म्हणून गेले. मग ताईंनी पडद्याला हात जोडले आणि पडदा काळा झाला. लगेच बायकोचा मोबाइल वाजला.

बायकोने पदरच्या सगळ्या धैर्यानिशी फोन कानाला लावला आणि ताईंना बोलूच दिलं नाही. "ताई, तू आधी ऐक. रेडिओ त्या खोलीतून हलणार नाही. तू आमच्या खोलीत राहा, आम्ही दोघं हॉलमध्ये झोपू. रागाव हवं तर. पण यांचा रेडिओ हलणार नाही!"

जन्मात पहिल्यांदा ती ताईंना नाही म्हणाली होती. तिचे कान लाल झाले होते. पलीकडून ताईंचा आवाज ग्रंथपालांनाही ऐकू आला.

"हलवायला सांगतंय कोण? खबरदार कुणी हात लावला तर! मी मागच्याच खोलीत राहणार. गुरुवारी हॉस्पिटलला होकार कळवते. आणि छोटे, भाऊजींना सांग, रविवारी साडेदहाला ती खुर्ची मला लागेल. आणि ते परीक्षेचं पुस्तक काढून ठेवायला सांग. परवाना लागतो म्हणे."

फोन बंद झाला.

"वाचला तुमचा रेडिओ," बायको म्हणाली.

"हो," ग्रंथपाल म्हणाले. "खुर्ची गेली."

अकराला दोन मिनिटं होती. त्यांनी कॉम्प्युटरची यादी उघडली आणि मन घट्ट करून आवाजाला दोन जागा दिल्या. बोलण्यासाठी एक, शिट्टीसाठी एक. बरोबर अकराला त्यांनी टाइप केलं: मौनी हजर. सकाळच्या प्रकाराबद्दल जी शिक्षा असेल ती मान्य. आपला संदेश मिळाल्यास कळवावे.

रेडिओने शिट्टी घातली. लाल दिवा लागला, विझला. मग पडद्यावर, त्यांच्या तीस वर्षांच्या छंदात पहिल्यांदाच, अक्षरं एकेक करून उमटू लागली.

संदेश स्वच्छ मिळाला. लेखी समज पोस्टाने पाठवत आहे. सोबत परीक्षेचा कोरा अर्जही आहे, तो बाईंसाठी.

मधे थोडा वेळ काहीच आलं नाही. मग पुन्हा अक्षरं आली.

बाई गेल्या का?