पिंपळापुऱ्यांची रिकामी सीट

स्टील प्लांटच्या वसाहतीतल्या सेक्टर दोनमधले आमचे शेजारी पिंपळापुरे भाऊजी बायकोला बाजारात न्यायचे ते असे: कुसुमताई कडेनं पायी, आणि शेजारून भाऊजी तिच्याच चालीनं फियाट हाकत. पुढची सीट रिकामी. कुसुमताई कुणाशी बोलायला थांबल्या की गाडीही थांबायची. मागचे सायकलवाले घंटी वाजवून पुढे निघून जायचे.

दुसरं वेड टायरांचं. भेटेल त्याला विचारत, "टायर कोणत्या मोसमाचे?" दूधवाल्याच्या सायकलीच्या टायरची नक्षी अंगठ्यानं तपासत. एकदा माझी चप्पल उलटी करून म्हणाले, "वहिनी, हा उन्हाळ्याचा माल आहे. पावसात नका घालू."

कारण क्वार्टरांच्या सगळ्या लाइनला ठाऊक होतं. प्लांटनं त्यांना वर्षभर रशियाला ट्रेनिंगला पाठवलं, कुसुमताईही सोबत गेल्या. तिथं भाऊजींनी जुनी गाडी घेतली. तिला भरधाव पळायचे उन्हाळी टायर. बर्फ पडायला लागला तसे तिथले लोक म्हणाले, टायर बदला. कुसुमताईही म्हणाल्या. भाऊजी म्हणाले, "टायरनं काय होते? हात पाहिजे हात." गाडी बर्फावर गरगरली आणि खांबाला धडकली. भाऊजींना खरचटलंही नाही. कुसुमताईंचं मनगट मोडलं, ते वाकडंच जुळलं. त्यानंतर त्या नवऱ्याच्या गाडीत बसल्या नाहीत.

गोष्ट इतकी सरळ. पण मी तेव्हा पंचविशीची, आणि सरळ गोष्टीवर माझा विश्वास नव्हता. मोलकरणीनं भांडी जास्त चकचकीत घासली तरी मला त्यात काळंबेरं दिसे.

तर, शनिवारी संध्याकाळी हा टायरवेडा माणूस गाडीचे चांगले टायर उतरवून झिजलेले, गुळगुळीत टायर चढवायचा. रविवारी सकाळी एकटाच निघायचा. दुपारी परतायचा तेव्हा शर्टावर पांढरी पावडर.

पावडर म्हणजे बाई. मी निकाल देऊन टाकला.

आमचे हे म्हणाले, "पिंपळापुरे अन् बाई? त्याले गिअर बदलवाले दोन मिनिटं लागतात."

पण खुर्सीपारचा किराणेवाला म्हणाला, "साहब तो हर इतवार जामुल तरफ जाते हैं, भाभी." मग मला कोण थांबवणार? शनिवारीच कुसुमताईंच्या कानावर घालून आले. त्या मटार सोलत होत्या. "बरं," एवढंच म्हणाल्या, आणि एक दाणा खाली पडला तो उचलून घेतला.

रविवारी मी जामुलची बस धरली. तोंड लपवायला छत्री घेतली होती. लाल. माझी हुशारी एवढीच.

जामुलच्या सिमेंट कारखान्याचे ट्रक उभे राहत ते मैदान त्या दिवशी रिकामं होतं, पिठासारखं पांढरं. मधोमध भाऊजींची फियाट. जोरात यायची, घसरायची, अर्धी गिरकी घ्यायची, सरळ व्हायची. भाऊजी उतरून चाकांच्या खुणा पाहत आणि पुन्हा सुरू. बाईचा पत्ता नाही. मला, खरं सांगते, थोडं वाईटच वाटलं.

"वहिनी? इथं काय करून राहिल्या तुम्ही?"

"बहिणीकडे आले होते."

"जामुलले?"

"दूरची आहे."

त्यांनी लगेच विश्वास ठेवला. तिथंच मी अर्धी मेले.

"हे टायर मुद्दाम लावतो," ते म्हणाले. "घसरली की ब्रेक नाही मारायचा. मागचा भाग जिकडं जाते तिकडंच हलकं स्टिअरिंग वळवायचं. तेव्हा मले हे माहीतच नव्हतं. बसता? सीट रिकामीच आहे."

बसले. रामरक्षा सुरू केली. गाडी घसरली, आणि झोपलेल्या लेकराची मान सरळ करावी तशी त्यांनी ती सरळ केली.

"कुसुमले सांगाल, तुम्ही बसल्या होत्या म्हणून? तिसरं वर्ष आहे, मले विचाराची हिंमत होऊन नाही राहिली."

आदल्या दिवशी मी काय सांगून आले होते ते मलाच माहीत.

परत आले ती थेट कुसुमताईंच्या मागच्या अंगणात. "ताई, बाई नाही हो. ते तुमच्यासाठी गाडी शिकून राहिले."

त्या वाकड्या हातानं कपडे पिळत होत्या. "माहीत आहे. तीन वर्षांपासून ते शर्ट मीच धुते. पावडर कधी बादलीच्या बुडाशी दगड होऊन बसते काय?"

"मग बसत कावून नाही?"

त्यांनी शर्ट झटकून दोरीवर टाकला.

बुधवारच्या बाजारातून दोघं नेहमीसारखी परतत होती. मी मागे होतेच. खोड कुठं जाते. मध्येच कुसुमताई थांबल्या. गाडी थांबली. त्यांनी पुढचं दार उघडलं, तसा भाऊजींनी घाईघाईनं सीटवर रुमाल फिरवला. ताईंनी पिशवीतून भोपळा काढला, सीटवर ठेवला आणि दार लावलं.

"आधी याले धड घरी नेऊन दाखवा."

मग त्या पुन्हा पायीच निघाल्या. पण खिडकीतून आत घातलेला तो वाकडा हात घरापर्यंत त्या भोपळ्यावरच होता.